बॉनेटवरची दुहेरी शिवण

माझ्या धाकट्या बहिणीसारखा गाडी रंगवणारा माणूस आमच्या भागात दुसरा नाही. तुम्ही म्हणाल, भाऊच तो, कौतुक करणारच. करणारच की! स्वतःच्या बहिणीचं कौतुक करायला काय शेजाऱ्यांना बोलावू?

घरात तिला सगळे ठिपकी म्हणतात. आमचे बाबा लोकांची घरं रंगवायचे. ही चालायला लागली ती थेट त्यांच्या रंगाच्या डब्यांपर्यंत. संध्याकाळी आई तिला धुवायला घ्यायची तेव्हा नाकावर पिवळा ठिपका, कानावर हिरवा आणि कोपरावर असा एखादा रंग, जो बाबांनी त्या दिवशी उघडलेलाच नसायचा. आई म्हणायची, "पोरगी जन्माला घातली मी, का भिंत?" तेव्हापासून ठिपकी. आता ती चांगली मोठी झाली, तिच्या हाताखालून कितीतरी गाड्या गेल्या, पण नाव काही पुसलं नाही. चांगला रंग असाच असतो, एकदा बसला की बसला.

माझं म्हणाल तर मी आठवीनंतर शाळेला रामराम ठोकला आणि हातोडी धरली. गाड्यांचे पोचे काढतो. आणि या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी सांगत नाही, माझ्याकडे येणारे लोक सांगतात. मी फक्त त्यांना आठवण करून देतो. पत्रा माझ्याशी बोलतो. चेपलेल्या दरवाजावरून नुसता तळहात फिरवला तरी मी सांगतो, धडक खांबाची आहे की भिंतीची, आणि चालवणारा त्या वेळी फोनवर होता की शेजारी बसलेल्या बायकोशी भांडत होता.

घरामागे आमची शेड आहे. अर्धी माझी, अर्धी तिची, मधे जाड प्लॅस्टिकचा पडदा. अलीकडे मी ठोकतो, पलीकडे ती रंगवते. पलीकडे जायचं तर चपला काढायच्या, अंग झटकायचं, आणि तोंड मिटायचं. "दादा, तू बोललास की धूळ उडते," असं ती म्हणते. आता दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बघून घेतलं असतं. पण ती स्प्रे गन हातात घेऊन, माझा जुना शर्ट अंगात घालून, नाकावर मास्क चढवून उभी राहिली की मी आपला गुपचूप भिंतीला चिकटून बघतो. हात असा फिरतो तिचा, जसं एखादं झोपलेलं मूल थोपटतंय. एकही ओघळ नाही. एकही डाग नाही. मी ठोकून सरळ केलेला पत्रा, त्यावर खड्डे बुजवायला तिने भरलेली लांबी, मग घासणं, मग प्रायमर, मग रंग, मग वरचा चकाकीचा थर. सगळं झालं की मी माणसांना बोलावून विचारतो, "दाखवा, कुठे ठोकली होती गाडी?" दाखवता येत नाही कुणाला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. रंगवतात सगळेच हो. रंगवून झाल्यावर काय करतात? गाडीची चावी हातात देतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. ठिपकी तसं करत नाही. तिची गाडी शेडमधून बाहेर पडली तरी तिच्या डोक्यातून बाहेर पडत नाही. महिनाभर ती सायकल घेऊन त्या गाडीला भेटायला जाते. खरंच भेटायला! सायकलच्या टोपलीत एक मऊ फडकं आणि साध्या पाण्याची बाटली. माझी बायको तिला चिडवते, "निघाल्या का नणंदबाई बाळंतिणीला बघायला?" ठिपकी म्हणते, "वहिनी, बाळंतिणीला निदान बोलता तरी येतं."

याला कारण झाला पावबिस्किटवाला. त्याच्या व्हॅनचा दरवाजा आम्ही नवा करून दिला होता. ठिपकीने त्याला बजावलं होतं की रंग वरून वाळला तरी आतून कच्चा असतो, काही चिकटवू नका. हा हो हो म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी दरवाजावर आपलं नाव चिकटवलं, मोठ्या लाल अक्षरांत. चारदोन दिवसांनी त्याला वाटलं नाव जरा तिरकं बसलंय. म्हणून ओढून काढलं. नाव आलं, आणि नावाबरोबर रंगही आला. दरवाजावर प्रायमरच्या करड्या अक्षरांत त्याचं नाव तसंच राहिलं, आणि तिरकंच. बोंब मात्र मारली आमच्या नावाने. मी त्याच्याशी भांडायला निघालो होतो, ठिपकीने अडवलं. म्हणाली, "दादा, सांगून भागत नाही. जाऊन बघायला पाहिजे." झालं. तेव्हापासून तिची फेरी सुरू.

गाडी नेताना ती लोकांना दम देते तो ऐकण्यासारखा असतो. महिनाभर मशीनच्या पाण्याने धुवायची नाही. साबण नाही, पॉलिश नाही, मेण नाही. झाडाखाली लावायची नाही, चीक गळतो. पक्ष्याने प्रसाद टाकला तर तिथल्या तिथे पाणी ओतायचं, नखाने खरवडायचं नाही. अंगठीच्या हाताने हात फिरवायचा नाही. बॉनेटवर पिशवी ठेवायची नाही, मूल बसवायचं नाही, स्वतःही बसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कव्हर घालायचं नाही. "रंगाला वारा लागतो," ती म्हणते, "झाकलात तर गुदमरेल." लोक हसतात. मी मागे हातोडी घेऊन उभा असतो, मग कमी हसतात.

तर एके दिवशी आमच्या दारात ड्रायव्हिंगच्या बाई आल्या. गाडी चालवायला शिकवतात त्या. आमच्या भागात जो कुणी स्टेअरिंग धरतो त्याला बाईंनीच शिकवलेलं असतं, मलासुद्धा. आजही रस्त्यात त्या दिसल्या की माझे दोन्ही हात आपोआप स्टेअरिंगवर जातात, मी पायी असलो तरी. त्यांच्या शिकवायच्या गाड्या रोज कुठे ना कुठे आपटतात आणि त्या सगळ्या जायच्या मोठ्या रस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजात. आमच्याकडे कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र बाई आपली स्वतःची निळी गाडी घेऊन आल्या. बॉनेट दुमडलेलं, उजवा दरवाजा आत गेलेला.

मी तळहात फिरवला. म्हटलं, "बाई, ही दुसऱ्या गाडीने ठोकलीय. आणि चालवणाऱ्याचा पाय ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला होता."

"माझ्याच शिकवायच्या गाडीने ठोकलीय," बाई म्हणाल्या. "माझ्याच शिष्याने. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं थांबा, त्यांनी म्हटलं हो, आणि गेले सरळ माझ्याच गाडीवर."

"मोठ्या गॅरेजात नाही नेलीत?"

"तिथे नेलेल्या गाड्यांचा रंग वर्षभरात फुगतोय. बघितलं मी." मग त्या ठिपकीकडे वळल्या. "तू रंगवतेस ना? ऐक. ही गाडी माझी स्वतःची आहे, हिच्यावर शिकाऊ माणसाला मी हात ठेवू देत नाही. ही मी तुला देतेय. महिना झाला की मी स्वतः तपासणार. रोज बघणार नाही, रोज बघितलं की नजर मरते. एकदाच बघेन. मनासारखी असली तर माझ्या सगळ्या गाड्या तुझ्या शेडमध्ये. नसली तर पुन्हा माझ्याकडे बघायचंही नाही."

आता तुम्हाला सांगतो, ठिपकीला हे काम किती हवं होतं. आमच्याकडे काम यायचं ते असं, कधी आलं, कधी नाही. ठिपकीच्या मनात एकच गोष्ट, एक तरी काम असं हवं की जे माझा रंग बघून आलेलं असेल, दादाच्या ओळखीने नाही. कारण बाकीची गिऱ्हाइकं मी आणलेली. रस्त्यात कुणाच्या गाडीला पोचा दिसला की मी त्याला थांबवून पत्ता देतो, ही माझी पद्धत. ती म्हणायची, "दादा, तुझा आवाज ऐकून येतात लोक. माझा रंग बघून कुणीतरी येऊ दे." आणि बाई आल्या होत्या त्या रंग बघायलाच.

मी माझं काम केलं. कसं केलं ते सांगत बसत नाही, एवढंच सांगतो की बॉनेट असं सरळ झालं की त्यात बघून दाढी करावी. ठिपकीने रंग जुळवायलाच किती वेळ घेतला! निळा म्हणजे निळा, मला तरी सगळे निळे सारखे. तिला नाही. सकाळच्या उन्हात बघ, दुपारच्या बघ, सावलीत बघ. शेवटी एकदा पडद्यापलीकडे गेली आणि बाहेर आली तेव्हा मी आत डोकावलो. गाडीत मला माझं तोंड दिसलं, आणि तेही नेहमीपेक्षा बरं दिसलं.

गाडी न्यायला बाई आल्या तेव्हा त्यांचे यजमान बरोबर होते. शिंपीकाका. सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. आयुष्यभर कपडे शिवले, आता दुकान बंद करून घरी बसलेत. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. ठिपकीने आपला दम दिला. बाईंनी तो शिकवणीसारखा काकांकडून वदवून घेतला.

"साबण?"

"नाही," काका म्हणाले.

"झाडाखाली?"

"नाही."

"कव्हर?"

काका जरा अडखळले. "मोकळी ठेवायची? एवढी नवी कोरी? उघडी?"

"उघडी!" बाई आणि ठिपकी एकदम म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. पण त्यांचा चेहरा मी बघितला. थंडीत एखादं मूल बिनस्वेटरचं बाहेर सोडायला सांगितल्यासारखा.

पहिल्या फेरीला सगळं उत्तम होतं. बाईंच्या घरामागे मोकळं अंगण, वर आकाश, झाड नाही. ठिपकीने दरवाजाशी नाक नेलं. ती वास घेते. थिनरचा बारीकसा वास येतोय तोवर रंग श्वास घेतोय, असं तिचं म्हणणं. घरी येऊन आईला म्हणाली, "छान श्वास घेतेय." आई म्हणाली, "कोण ग? कोण आजारी आहे?"

पुढच्या फेरीला मी तिच्याबरोबर होतो. बाई शिकवायला बाहेर गेलेल्या. काकांनी दार उघडलं आणि आम्हाला बघून असे गडबडले की मला वाटलं घरात काही सांडलंय.

"या, या. चहा घ्या. गाडी ना? गाडी मस्त आहे. बघायची काही गरजच नाही. मी रोज बघतो. बसा तुम्ही."

ठिपकी बसते होय! ती तडक मागे गेली. गाडीवर कव्हर होतं.

आणि कव्हर म्हणजे तुम्हाला वाटतं तसलं बाजारातलं नव्हे. जाड राखाडी कापड, गाडीच्या मापाचं शिवलेलं. आरशांना वेगळे खिसे. चाकांपाशी चुण्या. पुढे दोन पट्टे जोडलेले तिथे सरळ दुहेरी शिवण, बॉनेटच्या मधोमध. एखाद्या नवऱ्यामुलाचा कोट असावा तसं बसलं होतं गाडीच्या अंगावर. मी कपड्यातलं काही समजत नाही, पण काम ओळखतो. पहिल्या नंबरचं काम होतं.

"काका," ठिपकी एवढंच म्हणाली.

काका हळूच म्हणाले, "रात्री दव पडतं ग. गारठते. मी म्हटलं, सकाळी ही उठायच्या आत काढून ठेवीन. आज विसरलो."

"रोज घालता?"

"रोज नाही..." काका म्हणाले. मग म्हणाले, "रोज."

ठिपकीने कव्हर उचललं, ओढलं नाही हं, चार बाजूंनी हलकेच उचललं, मीही धरलं. खाली बॉनेट. मी समोरून बघितलं, मला काही दिसलं नाही. ती मात्र खाली वाकली, गाल बॉनेटच्या पातळीला आणून तिरकं बघितलं, आणि मला हाताने बोलावलं. मी वाकलो. आणि दिसलं. सगळ्या बॉनेटवर कापडाची बारीक वीण उमटलेली, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत दुहेरी शिवण, टाक्यासकट! दव कापडात मुरलं, कापड रंगाला चिकटलं, कच्च्या रंगाने सगळं उतरवून घेतलं.

माझ्या तोंडातून काय निघालं ते इथे लिहीत नाही.

काकांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, वाकले. आपलाच टाका बघून त्यांचा चेहरा उतरला. "पॉलिश लावू? आहे घरात. आत्ता घासतो, हिला यायला वेळ आहे."

"हात लावायचा नाही!" ठिपकी एवढ्या जोरात म्हणाली की शेजारची खिडकी उघडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, आत्ता घासलं तर डाग जाईल. पण कच्चा थर तापेल, पातळ होईल, आणि वर्षभरात मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं दिसेल बॉनेट. पूर्ण कडक होईपर्यंत घासायचं नाही."

"म्हणजे ती तपासणार त्या दिवशी..."

"त्या दिवशी असेल तसं असेल."

मी म्हटलं, "असेल तसं कसं असेल? तुझं काम जाईल! मी सांगतो बाईंना, आत्ता सांगतो. चूक यांची, ठपका तुझ्यावर का?"

काकांनी माझा हात धरला. "सांगा, सांगा. बरोबर आहे तुमचं. फक्त... दुकान बंद केल्यावर पहिल्यांदाच काहीतरी शिवलं होतं हो. हिच्यासाठी. महिना झाल्यावर बक्षीस देणार होतो. मग वाटलं आधीच घालून बघू."

ठिपकीने कव्हराची घडी घालून त्यांच्या हातात दिली. मग मला म्हणाली, "दादा, तू काही सांगायचं नाहीस."

"का?"

"नवरा-बायकोच्या मधे पत्रा ठोकायला जाऊ नकोस. काका, मी सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आता ऐका. गाडी उन्हात लावायची. ऊन लागलं की रंग थोडा सैल होतो आणि स्वतःच ठाकठीक होतो. पूर्ण जाईल असं नाही म्हणत मी. पण कव्हर आता कपाटात."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. मला तोंड मिटून बसता येत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. रस्त्यात बाई भेटायच्या, "काय, गाडी कशी आहे माझी?" विचारायच्या, आणि मी "उत्तम!" म्हणून असा पळायचो की लोकांना वाटायचं मी त्यांची फी बुडवलीय. घरी बायको म्हणायची, "तुमचं पोट दुखतंय का?" मी म्हणायचो, "पोटात काहीतरी आहे, पण बाहेर काढायची परवानगी नाही."

तिकडे काकांनी ऊन धरलं. सकाळी अंगणाच्या या कोपऱ्यात ऊन, तर गाडी इथे. दुपारी तिकडे, तर गाडी तिकडे. ते चालवत नाहीत, बाईंनी त्यांना शिकवायचं कधीच सोडून दिलं होतं. ब्रेक सोडून, दार उघडं ठेवून, खांदा लावून ढकलायचे. शेजारणीने बाईंना विचारलं म्हणे, "तुमचे हे गाडीला फिरवून आणतात का?" बाई घरी येऊन म्हणाल्या, "एवढा लळा तुम्हाला माझा नाही लागला कधी." काका आमच्याकडे येऊन हे सांगायचे आणि विचारायचे, "वीण गेली बरं का. पण शिवण काही जात नाही. दुहेरी घातली ना मी. पक्की."

वीण खरंच गेली. उन्हाने बॉनेट पुन्हा आरशासारखं केलं. पण मधोमध ती शिवण, तिरकी नजर टाकली की हळूच डोळा मारायची. ठिपकी रोज बघून यायची. एकदा मी म्हटलं, "घास ना ग. काय होतंय? वर्षभरानंतरचं वर्षभरानंतर. काम तरी हातात येईल."

ती जेवता जेवता थांबली. "आणि वर्षभराने त्या म्हणतील, हिचाही फुगला. मग?"

आई मधेच म्हणाली, "तुमचे बाबा असेच होते. भिंत ओली असली की घरमालकाला दारातच उभं करायचे, पावसात भिजला तरी." माझी बहीण आहे ती, जिद्द माझ्यावर गेलीय, आता काय करणार!

तपासणीचा दिवस उजाडला. ठिपकी माझा धुतलेला शर्ट घालून निघाली. सायकलच्या टोपलीत फडकं, पाणी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा घासायचा बारीक वॉटर पेपर आणि पॉलिशचा डबा. मी मागून स्कूटरवर. अंगणात काका उभे, घाम पुसत. बाई चष्मा लावून बाहेर आल्या, गाडीभोवती असे चालायला लागल्या जसे त्या परीक्षा घेताना चालतात. दरवाजा बघितला, उघडून कडा बघितल्या, आत बोट घालून रबराखाली बघितलं.

"दरवाजा पास," बाई म्हणाल्या.

मग बॉनेट. समोरून बघितलं. मान हलवली. डावीकडून बघितलं. मान हलवली. उजवीकडे गेल्या आणि थांबल्या. वाकल्या.

"हे काय आहे?"

काकांकडे मी बघितलं तर ते आकाशाकडे बघत होते.

"रेघ आहे ही," बाई म्हणाल्या. "मधोमध. सरळ. ठिपके, ठिपके, ठिपके. हे काय आहे, मुली?"

ठिपकी पुढे आली. "खूण उमटलीय, बाई. रंग माझा आहे, त्यावर उमटलेली खूण काढायचं कामही माझं. आजपर्यंत हात लावला नाही कारण रंग कच्चा होता. आज कडक झालाय. तुमच्यासमोर काढते. पण महिन्याने बघणार म्हणालात, तर महिन्याने असं दिसतंय."

"खूण कशाची?"

ठिपकी गप्प. खोटं बोलणार नाही म्हणाली होती, आणि सांगणार नाही असंही म्हणाली होती. दोन्ही शब्द पाळायचे म्हणजे गप्प बसण्याशिवाय काय उरतं? माझ्या घशात सगळी गोष्ट तयार होती, अगदी दातांपर्यंत आली होती. मी हाताची मूठ तोंडात घातली.

बाई आणखी वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवला, डोळा रेघेच्या अगदी जवळ नेला, बोट वरून वरून नेलं. एका जागी थांबल्या. परत मागे गेल्या. आणि हळूहळू सरळ झाल्या.

"हा टाका," त्या म्हणाल्या, "मी ओळखते."

काकांनी आकाशावरची नजर खाली स्वतःच्या पायांवर आणली.

"संसार सुरू झाल्यापासून या टाक्यातले कपडे घालतेय मी. दोन लांब, एक आखूड. दुसऱ्या कुणाचं मशीन असं चालत नाही. कोपऱ्यात गाठ मारायची सवयसुद्धा उतरलीय बघा इथे." मग मागे न बघताच म्हणाल्या, "अहो."

"हो," काका बारीक आवाजात म्हणाले.

"कव्हर?"

"दव पडत होतं..."

"मी काय वदवून घेतलं होतं तुमच्याकडून?"

"नाही म्हणालो होतो मी. म्हणजे घालणार नाही, असं."

"आणि?"

"आणि घातलं."

मग काकांनी आत जाऊन कव्हर आणलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते उलगडलं. आरशांचे खिसे बघितले. चाकांच्या चुण्या बघितल्या. आतून लावलेलं मऊ अस्तर बघितलं, अस्तराच्या कोपऱ्यात छोटं शिवलेलं एक फूल होतं, ते मीही तेव्हाच बघितलं. बाईंनी ते फूल बराच वेळ बघितलं. मी म्हटलं आता वीज पडणार. आणि बाई हसायला लागल्या. असं हसल्या की बॉनेटला टेकणार होत्या, तेवढ्यात काका ओरडले, "टेकू नकोस! अंगठी आहे हातात!"

त्यावर ठिपकीसुद्धा हसली. मग मी तोंडातली मूठ काढली आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगून टाकली, कारण आता सांगायला हरकत नव्हती. मला किती बरं वाटलं ते विचारू नका.

ठिपकीने बाटलीतलं पाणी ओतलं, वॉटर पेपर भिजवला आणि रेघेवर हलक्या हाताने चालवायला लागली. चकाकी गेली, बॉनेट धुरकट झालं. काकांनी डोळे झाकले. बाई म्हणाल्या, "हे तर बिघडलं!" मी म्हटलं, "बघा तुम्ही फक्त." मग तिने पॉलिश लावलं, फडक्याने गोल गोल, गोल गोल, आणि धुक्यातून एखादं गाव वर यावं तसं बॉनेट वर आलं. रेघ नाही. टाका नाही. बाई उजवीकडून वाकल्या, डावीकडून वाकल्या, शेवटी जमिनीवर बसून बघितलं.

"तू हे आधी का नाही काढलंस?" त्यांनी विचारलं. "मला कळलंही नसतं."

"तुम्हाला आज कळलं नसतं," ठिपकी म्हणाली. "पुढच्या वर्षी कळलं असतं."

बाई उठल्या, हात झटकले. "उद्या सकाळी दोन गाड्या पाठवते. एकीला खांब लागलाय, दुसरीला तोच खांब." मग काकांकडे बोट केलं. "आणि यांनाही घेऊन जा. घरी राहिले तर माझ्या सगळ्या गाड्यांना कोट शिवतील."

गंमत म्हणून म्हणाल्या हो, पण काका खरंच आले. आता बाईंच्या गाड्या ओळीने येतात, ठिपकीला पडद्याबाहेर यायला वेळ नसतो, मग फेरीला काकाच जातात. सायकल ठिपकीची, टोपलीत तेच फडकं, तीच बाटली. आणि ठिपकीने लोकांना दिलेला दम काही नव्हे असा दम हे बारीक आवाजाचे काका देतात. परवा पावबिस्किटवाल्याने पुन्हा रंगवलेल्या व्हॅनवर नवं नाव चिकटवायला घेतलं होतं, काका त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि तो स्टिकर परत गुंडाळेपर्यंत उठले नाहीत. कव्हर घालायचं म्हटलं कुणी, तर काका म्हणतात, "मला विचारा. मी शिवलेलंय."

ते राखाडी कापड वाया गेलं नाही. काकांनी ते उसवलं आणि ठिपकीला कामाचा पोशाख शिवला, गळ्यापासून पायापर्यंत, मनगटाला घट्ट, गुडघ्याला दुहेरी. स्प्रे गनची नळी अडकवायला खांद्यावर पट्टा. पाठीवर मधोमध वरपासून खालपर्यंत तीच शिवण, दोन लांब, एक आखूड. माझा जुना शर्ट मला परत मिळाला, आणि खरं सांगतो, आता तो मलाच बरा दिसत नाही.

काल शेडमध्ये बाईंची नवी रंगवलेली गाडी उभी होती. मी ठोकून ठोकून दमलो होतो, पडद्यापलीकडे गेलो, चपला काढल्या, अंग झटकलं, तोंड मिटलं. सगळे नियम पाळले. नुसता दरवाजाला जरासा टेकलो, तर मागून बारीक आवाज आला.

"दादा! टेकू नका! अजून कच्चा आहे!"

मी सरळ झालो. सरळ केलेला पत्रा मी पुष्कळ बघितलाय, पण स्वतःला इतक्या झटक्यात सरळ होताना पहिल्यांदाच बघितलं. ठिपकी मास्कमागून हसत होती. तिच्या कपाळावर निळा ठिपका होता. मी तो पुसला नाही. कच्चा असेल म्हणून.